जालन्यापर्यंत आलेला वाचक

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या भाऊंना जिची उत्सुकता नाही अशी गोष्ट अजून या जगात तयार झालेली नाही. भाऊ एसटीत कंडक्टर होते, सगळी नोकरी जालना रोडवर गेली. ‘कुठं जायचं?’ हे विचारायची सवय निवृत्त होऊनही सुटली नाही. गॅसवाल्याला विचारतात, भाजीवालीला विचारतात, जिन्यात मी दळणाचा डबा घेऊन दिसले तर मलाही विचारतात. ‘गिरणीत’ म्हटलं की ‘गहू का ज्वारी?’ हे ठरलेलं. मी मुळात कमी बोलणारी, त्यामुळे गहू असले तरी नुसती मान हलवते, आणि ते आपलं ज्वारी समजून समाधानानं वर जातात. रिक्षात बसले तरी आधी मागं वळून सगळे चढले का बघतात आणि मग रिक्षावाल्याच्या पाठीवर दोन टिचक्या मारतात.

अशा माणसानं कादंबरी लिहिली याचं मला नवल वाटलं नाही. जालन्याचं तिकीट काढून दर वेळी मधेच कुठंतरी उतरून जाणाऱ्या एका बाईची गोष्ट. नोकरीत ज्या एकीला विचारायचं राहून गेलं असेल तिच्यावरच लिहिली असावी. कोणा प्रकाशकाकडं न जाता मोबाइलवर बघून बघून शिकले आणि ई-पुस्तक म्हणून स्वतःच काढली. पण प्रकाशन सोहळा तर व्हायला हवा. गच्चीवर सतरंज्या घातल्या, शाल आणली, नारळ आणला, आणि मोबाइलच रंगीत कागदात गुंडाळून त्याला लाल फीत बांधली. प्रमुख पाहुणे म्हणून त्यांचे थोरले साडू. साडूंनी फीत सोडली, कागद काढला, मोबाइल उंच धरला, तर पडदा काळा. भाऊंचा अंगठा लागल्याशिवाय तो उघडेना. शेवटी साडूंनी मोबाइल धरला आणि भाऊंनी त्यावर अंगठा ठेवला. फोटो बघणाऱ्याला वाटतं, भाऊ साडूंना घर लिहून देताहेत.

सगळ्या पाहुण्यांनी तिथंच आपापल्या मोबाइलवर पुस्तक उघडलं. पाचपाच चांदण्या दिल्या, खाली अभिप्रायही लिहिले. ‘अभिनंदन, एकदा जेवायला या.’ भाऊ खुशीत होते. पण लेखकाला लोकांनी कुठवर वाचलं तेही त्या अ‍ॅपमध्ये दिसतं. दुसऱ्या दिवशी ते उतरल्या चेहऱ्यानं आमच्या दारात आले.

“ताई, समदे मधेच, करमाडलाच उतरले हो. जालन्यापर्यंत कोणीच आलं नाय.”

मागून वहिनी जिना उतरत होत्या. “कशाला येतील? त्यांचं ठेसन आलं, उतरले.”

वहिनींचं खरं होतं. भाऊंनी पुस्तकाच्या सुरुवातीलाच आभार मानले होते, आणि ते पानंच्या पानं. साडू, मेहुणे, व्याही, डेपोतले मेकॅनिक, चितेगावची आत्या, कोणाला सोडलं नव्हतं. लग्नपत्रिकेत बघतात तसं प्रत्येकानं आपलं नाव येईपर्यंत वाचलं, समाधान झालं, पुस्तक मिटलं. भाऊंनी मग आभाराची पानं काढून टाकली. कथा पहिल्या पानावर आली, पण नातेवाईक तुटले. चितेगावच्या आत्यानं फोनवर सुनावलं, “आमचं नाव जड झालं व्हय रे तुला?”

त्यानंतर भाऊंनी ठरवूनच टाकलं. दिवाळीपर्यंत एक माणूस जरी शेवटापर्यंत आला नाही, तर पुस्तक काढून टाकायचं आणि पुन्हा लिहायचं नाही. “रिकामी गाडी कुठवर पळवायची, ताई?” असं म्हणाले, आणि त्या दिवशी मी कुठं निघाले तेही त्यांनी विचारलं नाही. मला ते फार लागलं.

सूनबाईला सांगून तिच्या जुन्या मोबाइलवर मी पुस्तक घेतलं. शाळा चौथीपर्यंतच झालेली, त्यामुळे वाचन सावकाश. दुपारची भांडी झाली की दोनचार पानं. आणि ती बाई मधेच का उतरते हे मलाही कळेना, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा.

भाऊंच्या चालीत फरक पडला. “कोणीतरी रोज थोडं थोडं वाचतंय,” जिन्यात थांबवून सांगू लागले. “आपल्याकडचा नाय. रविवारी एक पान वाचत नाय, म्हणजे चर्चला जात असणार. लंडनचा असंल.” रविवारी माझं घर माणसांनी भरलेलं असतं, मोबाइल हातात घ्यायची सोय नाही. “शिवाय आठदहा दिवसांनी एक दिवस सुट्टी घेतो. उपास असणार त्याचा.” तो आमच्या नळाला पाणी यायचा दिवस. मी खाली पिंप भरत असते आणि भाऊ वर पाइप धरून उभे असतात. सांगावंसं वाटलं, पण मी डबा सावरून गिरणीकडं निघाले. लंडनच्या जागी तळमजला निघाला तर माणसाचा हिरमोड होणारच.

दिवाळीच्या आत मी शेवट गाठला. भाऊ पेढे घेऊन आले. “आला हो, जालन्याला उतरला.” मी पेढा घेतला. ती बाई उतरून पुढं कुठं गेली, हे पुस्तकात नव्हतं. विचारायला तोंड उघडलं आणि पेढा तोंडात टाकला.

आता दुसरा भाग आला आहे. सूनबाईनं काल उघडून दिला. आभार नाहीत, नातेवाइकांची नावं नाहीत. सुरुवातीला एकच ओळ आहे: ‘पाण्याच्या दिवशी सुट्टी घेणाऱ्या वाचकास.’

म्हणजे त्यांना कळलं आहे. केव्हा कळलं कोण जाणे. साऱ्या रस्त्याला विचारत सुटणाऱ्या माणसानं ही एक गोष्ट मला विचारली नाही. आज सकाळीही जिन्यात भेटले, माझ्या हातातल्या डब्याकडं बघून “गहू का ज्वारी?” एवढंच म्हणाले. या वेळी मी तोंडानं सांगितलं, “गहू.”

ती बाई पुढं कुठं गेली हे या भागात असणार. पण दुपारपासून मोबाइल हातात आहे आणि मी त्या एका ओळीच्या पुढं सरकलेली नाही. आपल्या नावाशीच थांबलेल्या त्या साडूंना मी उगीच हसले.