ऑपरेटर बाईंचा अंदाज

कोल्हारजवळच्या वीज उपकेंद्रातल्या ऑपरेटर बाई मीटर वाचण्याआधी खिडकीतून शेतांकडे बघायच्या. "आज मोटारी लई चालत्यात," असं म्हणून मगच आकडा टिपायच्या. बोलताना मध्येच "खरं का न्हाई?" असं विचारायच्या आणि उत्तरासाठी थांबायच्या नाहीत.

उद्या कुठल्या तासाला किती वीज लागेल, हे आधीच सांगणारं न्यूरल नेटवर्क मी तिथे बसवत होतो. मागच्या आकड्यांवरून ते शिकत होतं, तरी मधूनच अंदाज सपशेल चुकायचा. वीज कंपनीच्या साहेबांनी तो सुधारायला मला शेवटचा एक महिना दिला होता.

एकदा बाईंनी चुकलेले दिवस नीट पाहिले. "अवो, ह्या दिवसांत आवर्तन सुटलं हुतं. कालव्याचं पानी आल्यावर विहिरीवरची मोटार कोन चालवील? तुमच्या मशीनला कुनी सांगितलंय का हे?"

कुणीच सांगितलं नव्हतं. कालवा कधी सुटला, कधी बंद झाला, त्या तारखा बाईंनी घरच्या जुन्या कॅलेंडरांवरून आणून दिल्या. मी त्या नेटवर्कला शिकवल्या.

पुढचं आवर्तन सुटलं त्या दिवशी साहेब स्वतः आले. सकाळी काढलेली अंदाजाची रेघ दुपारनंतर खाली वळलेली होती. खऱ्या मागणीची रेघ तासागणिक बरोबर तिच्यावरूनच उतरत गेली. खोलीत टाळ्या वाजल्या.

"कालव्याचं कुणाला सुचलं?" साहेबांनी विचारलं.

मी तोंड उघडण्याआधीच बाई उठून उभ्या राहिल्या.

"मला," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "आन् आजून बरंच सांगायचं हाय. बसा."

साहेब बसले.