बोहनीची खिडकी

"माया जावायाचं लगन दुसऱ्या पोरीसंग छापून राह्यले का तुमी?"

मी प्रेसमध्ये पाय ठेवला तेव्हा मारोतीकाका काउंटरवर मोबाईल आपटत होते. हे बाजारहत्नूरचे, कापूस पिकवणारे. मुलीच्या, सुनीताच्या, लग्नपत्रिकेची ऑर्डर त्यांनी आदल्या सकाळी दिली होती. संध्याकाळी मोबाईलवर प्रूफ आलं. वर बरोबर: चि. आकाश, बी.टेक. वधू मात्र पूजा, मावला गावची. मांडवही मावल्यात!

"पोरगी कालपासून जेवली नाई. आकाशच्या बापाचे फोन येऊन राह्यले, मी उचलत नाई. काऊन उचलू? दोन ठिकानी पोरगं देते अन् मले इवाई म्हनते!"

इवाई म्हणजे व्याही. प्रेसचे मालक गंगाधरशेठ माझ्याकडे वळले. "ताई, तुमीच सांगा यायले. सॉफ्टवेअरची गडबड हाय."

"सॉफ्टवेअर पोरी पायते का?" काका म्हणाले.

झालं! आता लग्न जुळवायचं कामही माझ्याकडे. प्रोग्राम लिहिणारा गडी कधीच हैदराबादला पसार झाला होता. असे बेवारस प्रोग्राम सांभाळणं हा माझा धंदा.

प्रोग्राम साधा. एका फॉर्ममध्ये, म्हणजे स्क्रीनवरच्या एका खिडकीत, ऑर्डर भरायची. दुसऱ्या फॉर्ममधून पत्रिका छापायची. मी एक ऑर्डर भरली, छापली. बरोबर. दुसरी भरली. तीही बरोबर. काका माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच मावल्याची मावशी.

तेवढ्यात खाली एक मिटवून ठेवलेली खिडकी दिसली.

"शेठ, ही कोणाची?"

"ते आजच्या बोहनीची. दिवसाचं पयलं गिऱ्हाईक. ते बंद करत नसतेत ताई, दिवा लागेपर्यंत चालूच ठेवतो. माया बापाचा रिवाज हाय."

"आणि कालची बोहनी?"

"हे काकाच. दुपारी मावल्याची पार्टी आली, तिच्यासाठी दुसरी खिडकी उघडली. सांजच्याले काकाच्या खिडकीत पोराचं बी.टेक. टाकलं अन् प्रूफ धाडलं."

सापडला चोर. फॉर्ममध्ये भरलेली माहिती ज्यात राहते त्याला आम्ही ऑब्जेक्ट म्हणतो. जेवणाचं ताट समजा. त्या गड्याने सगळ्या खिडक्यांना मिळून एकच ताट ठेवलं होतं. दुपारी त्यात मावल्याची वधू, वर, मांडव सगळं वाढलं. संध्याकाळी शेठनी वराच्या रकान्याला हात लावला, तेव्हा तेवढा आकाश ताटात परत आला. खिडकीत सुनीता दिसत होती, पण छपाईचा फॉर्म वाचतो ताट.

हे काकांना सांगितलं. "गोल गोल बोलू नका बाई," ते म्हणाले.

मग मी शेठनाच बोहल्यावर चढवलं. नवी खिडकी उघडली. वर गंगाधर, वधू शांता. शांताकाकू, म्हणजे शेठची बायको, शेजारीच पाकिटं चिकटवत बसल्या होत्या. दुसऱ्या खिडकीत सुचतील ती नावं टाकली: बाळू आणि मंगल. "आता काका, पहिल्या खिडकीत तुम्हीच गंगाधरच्या पुढे शेठ लिहा." त्यांनी एका बोटाने लिहिलं. मी छपाईचं बटण दाबलं.

कागद आला. गंगाधरशेठ आणि मंगल यांचा शुभविवाह.

शांताकाकूंनी तो डोळ्यांजवळ धरला. "अवो, ह्या वयात? अन् मले इचारलं बी नाई?"

"म्या काई केलं नाई व!" शेठ केविलवाणे ओरडले.

काका कागदावर वाकले. मग असे हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. हसता हसता उपरण्याने डोळे पुसले. ते सगळं हसण्याचं पाणी नव्हतं.

दुरुस्ती जेवायच्या वेळेपर्यंत आटोपली. प्रत्येक ऑर्डरला आपलं वेगळं ताट, आणि छपाईचा फॉर्म उघडताना तेच ताट त्याच्या हातात द्यायचं. तिथे नवं ताट मांडलं, तर कोरी पत्रिका छापली जाते. ही चूक करणारे वेगळे, तेही मला पोसतात.

नवं प्रूफ काकांनी उभ्याउभ्या मोठ्याने वाचलं. सुनीता. आकाश. मग फोन लावला. "हालो, इवाई? नाई नाई, राग कायचा? फोन बिघडला होता माया." माझ्याकडे बघून त्यांनी डोळा मारला.

"ताई, आता बोहनीची खिडकी बंद करत जाऊ का?" शेठनी हळूच विचारलं.

"राहू द्या उघडी," मी म्हटलं. प्रोग्राम बदलता येतो, शेठचा बाप कुठून बदलणार?

तेव्हापासून नव्या गिऱ्हाइकाला मी आधी एकच विचारते: तुम्ही काय बंद करत नाही?

मंगलची पत्रिका मात्र शांताकाकूंनी काउंटरमागे चिकटवली आहे. शेठ आवाज चढवायला लागले की त्या नुसत्या तिकडे बघतात.