उंदरांचं मीच सांगितलं

उंदरांचं मीच सांगितलं, आता दोष कोणाला देऊ?

हिंगोलीच्या डॉक्टरांनी ह्यांना काळजाची गोळी सुरू केली, त्याच आठवड्यात मी मोबाइलवर वाचलं. दिवसातले सोळा तास उपाशी ठेवलं की उंदरांच्या काळजातल्या आन् मेंदूतल्या जनुकांचं काम बदलतं. काही जोरात कामाला लागतात, काही मंदावतात. मी डोंगरकड्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. मग काय, हे जेवायला बसले तेव्हा ह्यांना वर्गात शिकवावं तसं समजावून सांगितलं. माणसांचं अजून पक्कं न्हाई, असंही मी बजावलं. पण ते ऐकतंय कोण!

दुसऱ्या दिवसापासून रात्री आठला ह्यांचं जेवण संपलं की दुपारी बारापर्यंत तोंडात घास न्हाई. आमच्या घरात नवऱ्याआधी बाई जेवत न्हाई. सासूबाईंनी जन्मभर पाळलं, मीही पाळत आले. आधी हे सकाळी आठला जेवायचे, त्यामुळं कधी अडलं न्हाई. आता मी उपाशीच शाळेत जायला लागले. आन् मला शुगर. त्याची सकाळी सातची गोळी घेतलेली असायची.

एकदा फळ्यावर लिहिता लिहिता हात थरथरायला लागला, दरदरून घाम सुटला. खुर्ची धरून बसले. लई भ्याले. संध्याकाळी ह्यांना सांगितलं की मला हे झेपून न्हाई राहिलं.

"काहून? तुझ्या बी काळजाला फायदाच की," हे हसून म्हणाले. "तूच तर सांगितलंस."

आपण रीत मोडायची आन् उद्या ह्यांना काही झालं, तर बोट माझ्याकडंच. तेव्हापासून पर्समध्ये चतकोर भाकरी नेते. प्रयोगशाळेच्या कपाटाआड उभी राहून, दाराकडं पाठ करून गिळते. इतकी वर्षं लेकरांना विज्ञान शिकवणारी बाई, आन् खाते चोरून. स्वतःचाच संताप येतो.

परवा ह्यांचे रिपोर्ट चांगले आले. गोळीनं की उपासानं, डॉक्टर काही बोलले न्हाईत. मी शाळेतून आले, तर सासूबाई मीठमोहऱ्या घेऊन दारातच उभ्या. लेकाआधी माझी दृष्ट काढली आन् शेजारणीसमोर माझा हात धरला.

"हिच्या उपासानं तारलं माझ्या लेकाला," म्हणाल्या. "आता जन्मभर मोडू नको, माय."

मी व्हय म्हणाले. मोकळ्या हातानं पर्सची उघडी राहिलेली चेन लावून घेतली.