लुचियाच्या बागेतले दहा दिवस

ईस्टरच्या सुट्टीत आम्ही दोघीच निघालो, मी आणि माझी पंधरा वर्षांची लेक तन्वी. नवऱ्याला रजा नव्हती. आत झोपता येईल अशी भाड्याची कॅम्परव्हॅन घेतली आणि कॅसल हिलच्या आमच्या घरून थेट व्हिक्टोरियातल्या डोंगरांचा रस्ता धरला... तिथे एका चेस्टनटच्या बागेत दहा दिवस व्हॉलंटियर म्हणून राहायचं होतं. सकाळी पाच तास काम, बदल्यात व्हॅन लावायला जागा आणि दोन वेळचं जेवण.

बागेची मालकीण लुचिया. वय ब्याऐंशी, नवरा गेलेला, मुलगा मेलबर्नला. लग्न होऊन इटलीतल्या एका खेड्यातून इथे आली ती कायमचीच, पण इंग्लिश अजून तुटकं. दर सुट्टीत ती मुलं असलेल्या लोकांनाच कामाला बोलावते.

चेस्टनट काटेरी बोंडातून खाली पडतात. जाड हातमोजे घालून बोंडं फोडायची, आतली तपकिरी फळं वेचून बादलीत टाकायची. पहिल्याच दिवशी माझी कंबर गेली. तन्वीच्या बोटांत काटे, तोंडावर राग... म्हटलं, झालं, आता दहा दिवस हे असंच.

पण तिसऱ्या दिवसापासून पोरगी बदलली. काम संपलं की ती लुचियाच्या स्वयंपाकघरात. पाण्याला इटालियनमध्ये काय म्हणतात, मिठाला काय, "हळू मळ" कसं म्हणायचं... लुचिया बोलायची, ही तसंच्या तसं म्हणायची. आठवडाभरात चक्क वाक्यं जोडायला लागली.

मी कौतुकाने व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. धडाधड हार्ट्स आले. ठाण्याहून माझ्या भावाने एवढंच लिहिलं, "छान. मराठी किती येतं?"

मला राग आला. फोन पालथा ठेवला आणि बादली उचलली.

आठव्या दिवशी पावसामुळे बागेतलं काम बंद होतं. आम्ही तिघी स्वयंपाकघरात उकडलेले चेस्टनट सोलत बसलो होतो. लुचियाने हातातला चमचा वर धरला आणि तन्वीला विचारलं, तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?

तन्वीने खांदे उडवले. तिला येत नव्हतं. चमचा...

"तुझ्या आजीने शिकवलं नाही?" लुचियाने विचारलं.

"मम टोल्ड हर नॉट टू," तन्वी म्हणाली. सहज. सोलता सोलता.

माझे हात थांबले.

तन्वी तीन वर्षांची होती तेव्हा आई ठाण्याहून आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आली होती. तन्वी उशिरा बोलायला लागलेली, चाइल्डकेअरमध्ये मागे पडेल अशी मला धास्ती. डॉक्टर नाही, टीचर नाही, मला कोणीही काही सांगितलेलं नव्हतं. मीच ठरवलं आणि आईला सांगितलं, "तिच्याशी मराठीत बोलू नकोस. गोंधळते ती."

आई सातवी शिकलेली. "कम", "ईट", "गुड गर्ल" यापलीकडे तिचं इंग्लिश जात नव्हतं. एकदा ती नातीला मांडीवर घेऊन चिमणीची गोष्ट सांगत होती, तर मी सगळ्यांसमोर ओरडले, "आई, किती वेळा सांगायचं!" त्यानंतर ती दिवसभर कपड्यांच्या घड्या घालत बसायची. चार महिन्यांतच परत गेली... म्हणाली, घराची काळजी वाटते.

"तुला कसं आठवतं?" मी तन्वीला विचारलं. "केवढीशी होतीस तू."

"आठवत नाही. आजीने सांगितलं," ती इंग्लिशमध्येच म्हणाली. "आपण ठाण्याला गेलो होतो तेव्हा. मी दहा वर्षांची होते. शी सेड, युवर ममी से नो मराठी, सो आय नो टॉक. सॉरी."

"सॉरी?"

"हो. तिने मला सॉरी म्हटलं. मला कळलंच नाही का ते. आय जस्ट सेड, नो वरीज, आजी."

त्यानंतर दोन वर्षांनी आई गेली. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला वाटायचं, आजी-नातीचं जमत नाही. व्हिडिओ कॉलवर "हाय आजी" म्हणून तन्वी पळायची, आणि मी आईला वर ऐकवायची, "आजकालची मुलं अशीच असतात गं."

लुचियाने माझ्याकडे बघितलं नाही. सालं गोळा करत म्हणाली, "माझ्या मुलानेही सांगितलं होतं. मम्मा, पोराशी इंग्लिश बोल. मी बोलले. आता नातू येतो, जेवतो, जातो." मग तन्वीच्या पुढ्यात आणखी चेस्टनट सरकवले. ही बाई दर सुट्टीत अनोळखी मुलांना घरात का बोलावते, ते मला तेव्हा कळलं. चेस्टनट वेचायला तिला माणसं मिळाली असती की...

संध्याकाळी व्हॅनमध्ये मी तन्वीला म्हटलं, आपण आता मराठी शिकू या. मी शिकवते.

"कोणाशी बोलू?" तिने विचारलं. अर्थात इंग्लिशमध्ये.

"माझ्याशी."

तिने फोनमधून मान वर काढली. "बट मम, तू पण माझ्याशी इंग्लिशमध्येच बोलतेस." तिला राग आलेला नव्हता. आला असता तर बरं झालं असतं.

निघताना लुचियाने तन्वीला मिठी मारली, किती वेळ सोडलंच नाही. दोघी एकमेकींशी काहीतरी बोलल्या. मला एक शब्द कळला नाही. बाजूला गाडीची किल्ली हातात घेऊन मी उभी. आमच्या घरात आई कशी उभी राहत असेल, ते तेव्हा कळलं.

दोन महिने झाले परत येऊन. रोज रात्री जेवताना मी मराठीत बोलते, तन्वी इंग्लिशमध्ये उत्तर देते... कधी कधी माझा मान राखायला एखादा शब्द म्हणते. भावाला अजून उत्तर लिहिलेलं नाही. काय लिहू?

पोरीला भाषा येत नाही, ते शिकवता येईल कदाचित. पण जिला मी गप्प बसवलं, ती आईच नातीची माफी मागून गेली... आणि मी तिची माफी कधी मागितलीच नाही.