व्याह्यांच्या गळ्यातला मफलर

आमच्या बीड जिल्ह्यात मफलर लागतो तो फार तर दोन महिने, तोही पहाटेचा. बाकी वर्षभर गळ्याला नुसता घाम. तरी माझ्याकडे एक लोखंडी पेटी भरून मफलर आहेत, आणि त्यातला एकही मी दुकानातून नवा घेतलेला नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर आमच्या बरोबरीचे मास्तर प्लॉटिंगच्या नादी लागले. मी आठवडी बाजारात जुन्या कपड्यांच्या ढिगापाशी बसू लागलो. कुठल्या कुठल्या शहरांतून कपड्यांचे गठ्ठे येतात, आणि ते विकणारे चाचा ताडपत्रीवर उपडे करतात. बाया पोरांचे स्वेटर शोधतात, मी मफलर. आता तर चाचाच बाजूला काढून ठेवतात आणि लांबूनच ओरडतात, "मास्तर, तुमचा माल आलाय!" चारचौघांत लाज वाटायला हवी, पण वाटत नाही.

मफलरवरून माणूस कळतो, असं माझं ठाम मत आहे. तो विरलाय कुठे ते बघायचं. मधोमध विरला असेल तर माणूस गाठ मारून घालणारा. एकाच टोकाला तंबाखूचा वास असेल तर त्या टोकाने तोंड पुसणारा. एकाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने कुणीतरी एक अक्षर काढलं होतं. ते बायकोने काढलं असेल की आईने, यावर मी अख्खी दुपार घालवली आहे. खरं काय ते कधीच कळत नाही, आणि तेवढीच एक रुखरुख राहते.

आमच्या मंडळींना हे वेड बिलकूल पसंत नाही. "कुणाच्या मढ्यावरचं आसंल, काय म्हायती," ती म्हणते. ढिगातलं कापड उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय उंबऱ्याच्या आत येणार नाही, हा तिचा कायदा आहे. तिचं उकळून झालं की मी रफू करतो, इस्त्री मारतो आणि आहेरातल्या टॉवेलांच्या जपून ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत एकेक घडी सरकवून ठेवतो. ही शेवटची हौस मला भोवली.

मुलीचं लग्न ऐन थंडीत ठरलं. व्याही आष्टीचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. बोलायला कमी, बघायला करारी. टॉवेल-टोपी तर सगळ्यांनाच द्यायची, पण नवऱ्या मुलाच्या बापाचा मान म्हणून हिने अंबाजोगाईहून त्यांच्यासाठी करड्या रंगाचा नवा लोकरी मफलर आणला. माझ्याही पेटीत एक करडा लोकरी मफलर होता, तपकिरी काठांचा, माझा सगळ्यांत लाडका. त्याला कसर लागून पडलेलं भोक मी त्याच्याच गोंड्यातला धागा काढून बुजवलं होतं. लग्नाच्या गडबडीत आहेराचा ढीग माझ्या पेटीवर रचला गेला, आणि कुणीतरी घाईत पेटी उघडून पिशव्या वर-खाली केल्या.

बुद्धवंदना झाली, लग्न लागलं, मानपानाला सुरुवात झाली. हिने माझ्या हातात पिशवी दिली. मी ती फाडली आणि रिवाजाप्रमाणे मफलर व्याह्यांच्या गळ्यात घातला. माझी बोटं मानेमागे पोचली तेव्हा त्यांना रफूची गाठ लागली. डोळ्यांच्या आधी बोटांना कळलं. फोटोवाला म्हणाला, "हसा." व्याही हसले नाहीत. मी मात्र हसलो. तो फोटो आजही बघवत नाही.

रात्री हिला सांगितलं तर ती म्हणाली, "आवं, इवायाच्या गळ्यात ढिगातलं घातलं का तुमी? पोरीला जनमभर ऐकून घ्यावं लागंल न्हवं!"

तिचं चुकत नव्हतं. आहेरातल्या साडीचा पोत बोटांनी चाचपून बघणारी माणसं आपण. त्यावरून सुनांना काय काय ऐकावं लागतं हे मी पाहिलेलं होतं. महिना झाला, आता कुठे पोरगी त्या घरात रुळत होती. फोनवर ती सगळं बोलायची, मफलरचं नाव काढायची नाही. आपणहून ती सांगेना, आणि विचारायची माझी छाती होईना. आहेराचे टॉवेल जातात तसा तोही न उघडता पुढच्या कुणाच्या तरी लग्नात गेला असेल, अशी आशा मी करत होतो. पण तो तर मीच उघडून गळ्यात घातला होता!

शेवटी घरीच राहिलेला नवा मफलर पिशवीत घालून मी आष्टीला निघालो. गुपचूप बदलून आणायचा, एवढाच बेत. मांजरसुंब्याला गाडी बदलली, ढाब्यावर चहा घेतला.

येतोय असं कळवलं होतं, म्हणून आष्टीच्या स्टँडवर व्याही घ्यायला आले होते. "जय भीम, पाव्हणं." गळ्यात माझा करडा मफलर; आता गुपचूप बदलायचा कसा?

घरी मुलीने पाणी दिलं आणि माझ्याकडे न बघता आत गेली. मी पिशवी पुढे केली आणि चाचरत म्हणालो, "पाव्हणं, लग्नात जरा घोटाळा झाला. तुमचा हा. तो चुकून आला."

"म्हायती हाय," ते म्हणाले. "गाठ मला पयल्याच दिवशी लागली मानंला. सूनबाईला इचारलं, कावून रफू हाय ह्याला? तर रडायलाच लागली. मग समदं सांगितलं तिनं. ढिगातून आनता, सोता रफू करता, आन् ह्यो तुमचा लई जिवाचा हाय. मीच म्हनलं तिला, बापाला काय सांगू नको, पाव्हणं उगं अवघडतेन."

"मग ठेवला कशाला?"

"लग्नात आलेलं टॉवेल तीन लग्नात वाटून झाले. ध्यान बी न्हाई कोणी दिलते. जिवाचं कोणी देतंय का, पाव्हणं? चुकून का व्हईना, तुमी दिलं. आता मागं देत नसतो मी."

आतून भांड्यांचा आवाज थांबला होता. पोरगी दाराआड ऐकत होती.

निघताना त्यांनी खुंटीवरचा एक खाकी मफलर काढून माझ्या गळ्यात घातला. पहाटेच्या पहिल्या गाडीवर ते तो घालायचे. नको नको म्हणत मी हात लावला. डाव्या बाजूला तो पार जाळीदार झाला होता. मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "बॅगेचा पट्टा. समदी नोकरी तिथंच घासला."

घरी पोचलो तर ही दारातच उभी. गळ्यातलं जुनेर बघून म्हणाली, "पुन्ना ढिगावर गेलतात का?" आणि पाणी तापवायला वळली. मी तिला थांबवून सगळं सांगितलं. तिने मफलर हातात घेतला, विरलेल्या जागेवरून बोट फिरवलं, पोरीने काय केलं, काय खाल्लं ते पुन्हा पुन्हा विचारलं. मग तो न धुता उंबऱ्याच्या आत नेला आणि माझ्या खुंटीला अडकवला.