तिसरी बादली

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मी सतरा वर्षं नोकरी करते. काम एवढंच, की परदेशातून आलेल्या यंत्रांची स्पॅनिशमधली पुस्तकं मराठीत आणायची. कोणता बोल्ट आधी सैल करायचा, कोणत्या पट्ट्याजवळ हात न्यायचा नाही, असलं सगळं. त्यात एक वाक्य गाळलं तर कुणाचं तरी बोट जातं, म्हणून मी वाक्य गाळत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मी चार वाक्यं गाळली, आणि ती एका बाईंच्या आईची होती.

बाई म्हणजे लेखिका. मध्य अमेरिकेतल्या एका लहानशा देशातल्या, साठी उलटलेल्या, स्पॅनिशमध्ये लिहिणाऱ्या. साखर कारखान्याच्या गावात जन्मल्या, आई उसाच्या तोडणीला, वडील कधी बघितलेच नाहीत. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं आणि तेवढ्यात तीन बारीक कादंबऱ्या लिहिल्या. एक धुणं धुणाऱ्या बायकांची, एक शाळेतल्या स्वयंपाकघराची आणि एक आईची. त्यांच्या पुस्तकात लढाया नाहीत, मोठी माणसं नाहीत, प्रेमसुद्धा कामाच्या मधल्या सुट्टीत उरकतं. पुण्यात स्पॅनिश शिकत असताना आईची कादंबरी हाती लागली आणि मी ठरवून टाकलं, हे मराठीत मीच आणणार. कोल्हापूरची पोरगी मी, मला उसाचं कोण शिकवणार!

नुसता माज. मी वाढले शहरात. ऊस खाल्ला, रस प्यायले, ट्रॉलीमागे गाडी अडकली की ट्रॉलीवाल्याच्या नावानं बोटं मोडली. कोयता कधी हातात धरला नव्हता.

भाषांतराला रविवार तेवढा मिळायचा, त्यामुळे चार वर्षं लागली. त्या चार वर्षांत बाईंनी मला असा वैताग आणला की विचारू नका. मी मेल करायची, हे झाड कसलं, हा पदार्थ कशाचा, ही म्हातारी शेजारीण की नात्यातली? तीन आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर यायचं, ‘पुस्तकात आहे.’ मग मी पुन्हा वाचून, खुणा करून, बावीस प्रश्न नीट टाइप करून पाठवले. त्यावर उत्तर आलं, ‘नीट वाचा.’ अहो बाई, वाचूनच विचारतेय ना! त्या दिवशी मी लॅपटॉप आपटायचा तेवढा बाकी ठेवला. यापुढे या बाईंना एक अक्षर विचारायचं नाही, असं मी स्वतःशी ठरवलं.

आणि त्यानंतरच त्या चार वाक्यांची भानगड झाली.

त्यांत लिहिलं होतं, की तोडणीच्या आदल्या संध्याकाळी उभा ऊस पेटवतात. पाला जळून जातो, साप पळतात, कांडी तेवढी उभी राहते. सकाळी राख निवली की बायका कोयते घेऊन आत शिरतात. आईकडे एकच सदरा होता आणि तो पांढरा होता.

आमचे प्रकाशक वयानं वडीलधारे, मी त्यांना काका म्हणते. हस्तलिखित वाचून त्यांनी मला बोलावलं आणि त्या पानावर बोट ठेवलं.

“ताई, उभा ऊस पेटवून तोडत्यात?”

“मूळ पुस्तकात आहे, काका.”

“आवो, आपल्याकडं फड पेटला तर माणूस ऊर बडवत पळतोय. आणि ही बाई म्हणत्या, मुद्दाम पेटवत्यात! वाचक म्हणतील, हिनं ऊस बघितलेलाच न्हाई. पत्रं येतील ताई, पत्रं!”

“तळटीप देऊ.”

“कादंबरीला तळटीप? शाळेचं पुस्तक हाय काय ते? चारच वाक्यं हाईत. काढली म्हणून गोष्ट अडत्या का?”

मी तासभर भांडले. मग चहा आला, आणि चहा पिता पिता मलाच वाटायला लागलं, काकांचं बरोबर असेल. बाईंनीच काहीतरी रंगवलं असेल. बाईंना एक मेल करायचा होता. तोही नको तर इंटरनेटवर दोन मिनिटं शोधायचं होतं. पण मला पुन्हा ‘नीट वाचा’ ऐकायचं नव्हतं, आणि चार वर्षांनी पुस्तक एकदाचं हातावेगळं करायची घाई झाली होती. मी चार वाक्यांवर रेघ मारली. पुस्तक छापून आल्यावर शोधलं. तिकडे खरंच पेटवतात.

मी कुणाला काही बोलले नाही. बाईंना मराठी येत नव्हती आणि त्या सातासमुद्रापलीकडे होत्या. त्यांना कळायचा प्रश्नच नव्हता.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा मेल आला. दिल्लीला कुठल्याशा साहित्यसंमेलनाला येत होत्या. ‘तिथून कोल्हापूरला येते. सत्कार नको. ऊस तोडणाऱ्या बायकांना आईच्या अंघोळीचं पान ऐकवायचं आहे. वाचायचं तुम्ही, मी ऐकेन.’ चार वर्षांत बाईंनी मला एवढा मोठा मेल कधी केला नव्हता. मी मूळ पुस्तक उघडून ते पान काढलं. रेघ मारलेली वाक्यं बरोबर त्याच्या आदल्या पानावर होती.

काकांनी त्या मेलमधला ‘सत्कार’ तेवढा ऐकला. सभागृह ठरलं, फेटा बांधणारा ठरला, बॅनर लागला. बॅनरवर पुढाऱ्यांचे चेहरे परातीएवढे आणि बाईंचा फोटो खाली कोपऱ्यात, पासपोर्टला लावतात तेवढा. ज्याला त्याला एकच चिंता, पाहुण्या मटण खातात का? पुस्तक वाचलंय असा एकही माणूस मला भेटला नाही. बाई कोल्हापुरात उतरल्या, फेट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “मी काय लिहिलं होतं?” मी म्हटलं, “इथं सत्कार नको म्हटलं की जास्त मोठा करतात.” त्या हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी बिद्रीच्या रस्त्याला आमच्या कंपनीतल्या फोरमनच्या शेतात गेलो. तोडणी चालू होती. टोळी राधानगरीकडची, सात-आठ बायका, जेवण करून बांधावर पाचटात, उसाच्या वाळल्या पाल्यात बसलेल्या. काका मोबाइल उंच धरून शूटिंग करत होते आणि बायकांना ‘जरा हसा की’ म्हणून सांगत होते. बाईंनी एका बाईचा कोयता मागून घेतला, वजन बघितलं, धारेवर अंगठा फिरवला आणि परत दिला.

मग मी वाचायला लागले. पान असं आहे, की आई तोडणीवरून येते. दारातच उभी राहते. सात वर्षांची मुलगी तिच्या अंगावर पाणी ओतते. पहिल्या बादलीचं पाणी काळं वाहतं, दुसरीचं काळं वाहतं, आणि आई म्हणते, तिसरी बादली होईपर्यंत मला शिवू नकोस. मुलगी रोज बादल्या मोजते. तिसरी झाली की आईच्या पोटाला मिठी मारते.

हे पान माझं सगळ्यांत चांगलं उतरलंय, असं मला वाटत होतं. वाचताना बाई माझ्याकडे बघतच नव्हत्या, त्या बायकांचे चेहरे बघत होत्या. पान संपलं. काकांनी टाळी वाजवली. मग टोळीतली सगळ्यांत थोरली बाई, साठीची असेल, तंबाखू मळता मळता थांबली.

“व्हय ओ ताई, पर पाणी काळं कशानं झालं?”

मी म्हटलं, “काय मावशी?”

“पाणी वो. ऊस तोडून अंग काळं हुतंय व्हय? उसाची बारीक कूस लागत्या, खाजतंय, पाल्यानं हात कापत्यात. काळं न्हाई हुईत. ही बाई कोळशाच्या खाणीत हुती काय?”

बायका खो खो हसल्या. बाईंनी मला विचारलं, “काय म्हणतेय?”

दुभाष्याच्या हातात अशा वेळी सगळं असतं. तुमची मुलं किती असं विचारतेय, म्हटलं असतं तरी चाललं असतं. मनात आलंही, नाही म्हणत नाही. पण ती म्हातारी माझ्याकडे टक लावून उत्तराची वाट बघत होती. मी स्पॅनिशमध्ये म्हटलं, “विचारतेय, पाणी काळं कसं झालं.”

बाई गोंधळल्या. “पण ते आधीच्या पानावर आहे. तुम्ही तिथून वाचलं नाहीत?”

“आधीच्या पानावर नाही,” मी म्हटलं. “आम्ही काढून टाकलं.”

“का?”

“इथं कुणाचा विश्वास बसणार नाही म्हणून.”

 बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, “मग आता सांगा.”

ती वाक्यं मला पाठ होती. रेघ मारल्यापासून जास्तच पाठ झाली होती. मी ती तशीच्या तशी म्हटली, संध्याकाळी ऊस पेटवण्यापासून पांढऱ्या सदऱ्यापर्यंत.

“पेटवून?” मावशी म्हणाल्या. “उभा ऊस, मुद्दाम? काय सांगालासा! कोण ठेवंल इस्वास?”

काकांनी मोबाइल खाली घेतला. “बघा! मी काय म्हणत हुतो?” त्या क्षणी मला काकांना तिथल्याच पाटात ढकलून द्यावंसं वाटलं.

पण मावशींचं संपलं नव्हतं. त्यांनी तंबाखू तोंडात टाकली, जरा विचार केला.

“न्हाई पर, मग बराबर हाय. राख एका पाण्यानं जात न्हाई. चुलीची जात न्हाई, तर फडाची कशी जाईल? तीन बादल्या पायजेतच. आणि लेकराला शिवू न्हाई देणार, व्हय की. सदरा बी येकच.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आता पटलं. एवढं चांगलं हुतं, तर मधलं कुणी खाल्लं ओ?”

बाईंनी पुन्हा विचारलं, काय म्हणतेय. मी एक शब्द न गाळता सांगितलं. मधलं कुणी खाल्लं, हेसुद्धा.

बाई उठल्या, मावशींच्या शेजारी पाचटात जाऊन बसल्या आणि त्यांचा हात हातात घेऊन तळवा बघत राहिल्या. मावशी म्हणाल्या, “घट्टं बघत्यात काय पावणीबाई? बघा, बघा.” मी भाषांतर केलं नाही. तिथं माझी कुणाला गरज नव्हती, आणि हे मला लागलं.

परत येताना गाडीत मी माफी मागितली. बाई म्हणाल्या, “मी तुमच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला हवी होती.” मला आणखीच राग आला. माझी चूक निदान पूर्ण माझी तरी राहू द्यायची! मग त्यांनी पिशवीतून मराठी पुस्तक काढलं, ते पान मला शोधायला लावलं आणि पेन दिलं. गाडीला हिसके बसत होते, पण मी चारही वाक्यं समासात लिहिली. त्यांनी ती अक्षरं बोटानं मोजल्यासारखी एकदा बघितली आणि पुस्तक मिटलं.

संध्याकाळी सत्कार झाला. सहा जण बोलले, शेवटी बाईंना दोन मिनिटं मिळाली. फेटा त्यांना बरा दिसत होता, हे मान्य करायला हवं.

आता रविवारी मी काकांच्या गोदामात जाते. उरलेल्या प्रतींत हातानं ती चार वाक्यं लिहिते. काका म्हणतात, “ताई, पुस्तक घाण करालासा. दुसऱ्या आवृत्तीत घालू की.” दुसरी आवृत्ती कधी, ते विचारलं की फोन आल्यासारखं करतात. मी लिहीत राहते. विकून गेलेल्या प्रतींचं काय करायचं, मला माहीत नाही. त्या कुणाच्या घरी आहेत, तेही माहीत नाही.

पुस्तक येऊन दोन वर्षं होतील. चार ठिकाणी परीक्षण आलं, चारही चांगली. आईच्या अंघोळीचं पान तर दोघांनी आख्खं छापलं. काका ज्यांना घाबरले होते ती पत्रंही आली, बहुतेक मुखपृष्ठ सुंदर आहे असं सांगणारी. पाणी काळं कशानं झालं, हे अजून एकाही वाचकानं विचारलेलं नाही.