पेंढ्याचं वासरू

"आवशीक रिकामी ठेवू नये रे झिला," असं म्हणत काका मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरायचे. टाके घालून झाले की पाठीवर मिठाचं पाणी चोळायचे. गाय, म्हणजे वासराची आवस, ते चाटायची आणि पान्हा सोडायची.

तबेल्यांत अशी वासरं तुम्हीही पाहिली असतील. बहुतेक नुसती बुजगावणी. काकांचं वासरू मात्र मान वळवून आईकडे बघायचं.

सत्तर सालच्या आसपास मी अंधेरीच्या गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. काका मालवणकडचे; सगळे तबेलेवाले त्यांना काकाच म्हणायचे. जोगेश्वरीपासून पवईपर्यंत कुठेही वासरू गेलं की त्यांना बोलावणं यायचं. मला चिडवायचे, "तुमची सुय गायीक टोचता, माझी नाय." मी चिडायचो, कारण ते खरं होतं.

मग एका वर्षी गाई गाभडू लागल्या. सातव्या-आठव्या महिन्यातच गर्भ पडायचे, एकामागून एक. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. रोग सांसर्गिक निघाला. पडलेल्या वासरात, वारेत, सगळ्यात जंतू. खोल खड्डा करून चुना टाकून पुरा, हात लावू नका, असं डॉक्टर म्हणाले. काका त्याच वासरांची कातडी भरत होते. एका तबेल्यातलं वासरू दुसऱ्याला उसनंही देत होते.

त्यांना मीच सांगितलं. ते आपल्या हातांकडे बघू लागले.

"म्हंजे ह्या दुखणा माझ्याच हातान फिरला?"

"तसं नाही काका. डॉक्टर म्हणाले, आणखीही कारणं असतात."

"आणखीही," ते म्हणाले. "म्हंजे ह्या पण."

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते तबेल्या-तबेल्यांत फिरले. "काय झाला ता तू सांग. माका फक्त हात जोडूक येतत." एका शेठने शिव्या घातल्या, एकाने चहा पाजला. काकांनी दोन्ही मुकाट घेतलं. प्रत्येक ठिकाणी आपलं वासरू स्वतः उचलून मागे नेलं आणि रॉकेल ओतून जाळलं. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

शेवटचा तबेला पवईच्या रस्त्यावर. वासरू उचलताच गाय हंबरू लागली. शेठ म्हणाला, "काका, दुसरं करून द्या ना. चांगलं कातडं आणतो."

काकांनी मान हलवली. "आता माका धीर नाय."

फाटकाशी ते थांबले. मागे वळले नाहीत. गाय हंबरतच होती.

"चल रे. माका आयकवत नाय," म्हणाले, आणि माझ्यापुढे झपाझप चालू लागले.

तिसऱ्या दिवशी गाय गप्प झाली, चारा खाऊ लागली. हे सांगायला मी धावतच त्यांच्या खोलीवर गेलो. दाराला कुलूप होतं.

शेजारीण म्हणाली, "सकाळीच गावाक गेले. वासरां जाळली त्या दिवसापासून पोटात घास नाय."